आमची वाटचाल : कांडीतला जीव जपताना

वर्धा जिल्ह्यातील आर्वी तालुक्यात एक मोटारसायकल आणि द्रवनत्राचे (द्रवरूप नायट्रोजनचे) 3 लिटरचे एक कंटेनर एवढ्याच भांडवलावर आम्ही घरपोच कृत्रिम रेतनाची सेवा सुरू केली. गवळाऊ गाई आणि नागपुरी म्हशी पाळणारे शेतकरी हेच आमचे पहिले ग्राहक होते.

तिसऱ्या उन्हाळ्यात मात्र भरवलेल्या गाई एकामागून एक उलटू लागल्या, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर येऊ लागल्या. पट्टी बुडवून पाहिली, तर नत्र पुरेसे होते. अखेर तालुक्याच्या पशुवैद्यक डॉक्टरांनी एक कांडी (गोठवलेले रेत, म्हणजे वळूचे वीर्य, भरलेली बारीक नळी) उघडून थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तेव्हा निम्म्याहून अधिक शुक्राणू सरळ पुढे धावताना दिसले आणि आम्हाला हायसे वाटले. पण तेच रेत 37 अंशांवर तासभर ठेवून पुन्हा पाहिले, तर हालचाल जवळजवळ थांबली होती.

डॉक्टरांनी जवसाच्या तेलाचा दाखला दिला. हे तेल इतर तेलांपेक्षा लवकर खवट होते, कारण त्यातील असंतृप्त स्निग्धाम्लांवर ऑक्सिजन चटकन हल्ला करतो. शुक्राणूचे आवरणही अशाच स्निग्धाम्लांचे असते, आणि पेशीद्रव नावापुरताच असल्याने स्वतःचा बचाव करणारी विकरे (एन्झाइम) त्याच्याजवळ फार थोडी असतात. त्यातच मेलेल्या शुक्राणूंतून हायड्रोजन पेरॉक्साइड निघून शेजारच्या जिवंत शुक्राणूंना बाधते. उणे 196 अंशांवर ही क्रिया जवळपास थांबलेली असते, परंतु गोठताना आणि वितळताना ती उचल खाते. गोठवण्याचे काम रेत केंद्राचे. कांड्या सांभाळण्याची आणि वितळवण्याची बाजू मात्र सर्वस्वी आमच्या हातात होती, आणि चूक तिथेच झाली होती.

हवी ती कांडी शोधण्यासाठी आमचा मुलगा मे महिन्याच्या उन्हात, अंगणात, कॅनिस्टर (कांड्या ठेवण्याचे आतले उभे भांडे) कंटेनरच्या गळ्याबाहेर काढून रंग तपासत असे. दर वेळी कांड्या थोड्या तापत, आतले बर्फाचे कण वाढून आवरण फाडत आणि पुन्हा नत्रात गेल्यावर वरून काहीच कळत नसे. तेव्हापासून कोणत्या कॅनिस्टरमध्ये कोणत्या वळूच्या कांड्या आहेत याची वही ठेवली आहे. कॅनिस्टर गळ्याच्या वर येत नाही, कांडी चिमट्याने काही सेकंदांत निघते आणि सावलीतच, तापमापक लावलेल्या 37 अंशांच्या पाण्यात 30 सेकंद राहते. हाताने पाणी चाचपून ‘कोमट झाले’ म्हणणाऱ्याला आम्ही रेतनाला पाठवत नाही.

आज आमच्याकडे चार रेतक आणि स्वतःचा सूक्ष्मदर्शक आहे. प्रत्येक नव्या खेपेतील एक कांडी आम्ही तपासणीसाठी खर्ची घालतो आणि ती दोनदा पाहतो, उघडल्याबरोबर आणि तासाभराने. दुसऱ्या वेळी फार घसरलेली खेप परत जाते. गेल्या वर्षापासून बेरारी शेळ्यांसाठी 5 अंशांवर थंड ठेवलेल्या रेताची विचारणा होत आहे. त्या तापमानाला ऑक्सिजनचे काम मंदावते, थांबत नाही, आणि गावोगावी पोहोचेपर्यंतचे तास मोजावे लागतात. म्हणून ती सेवा आम्ही अद्याप सुरू केलेली नाही.