माझा अनुभव : पॉलिसी न घेता बँकेत लॉकर कसा मिळवला (कोथरूड, पुणे)

सगळ्यात आधी महत्त्वाचं सांगून टाकते. बँकेत लॉकर मागायला गेलात आणि समोरच्याने विमा पॉलिसीचा विषय काढला, की तोंडी बोलणं तिथेच बंद करायचं आणि लेखी अर्ज द्यायचा, दोन प्रतींत, आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठायचं नाही. मला हे कोणी आधी सांगितलं असतं तर माझा केवढा तरी मनस्ताप वाचला असता, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

लॉकर का लागला ते थोडक्यात. दिवाळीच्या सुट्टीत आमच्या शेजारच्या सोसायटीत भरदिवसा बंद फ्लॅट फोडला. आमच्या घरात सासूबाईंचे दागिने, म्हणजे पाटल्या, तोडे, मोहनमाळ, बोरमाळ, शिवाय चांदीची समई, ताम्हण, अत्तरदाणी-गुलाबदाणी असं सगळं कपाटात. पूर्वी कोणाला त्याचं फार वाटत नव्हतं, पण २०२५ च्या एप्रिलमध्ये सोन्याचा भाव दहा ग्रॅमला लाखाला टेकला आणि तिथे थांबला नाही, डिसेंबरमध्ये चांदी किलोला दोन लाखांच्या पुढे गेली, आणि सासूबाईंची झोपच उडाली. रात्री उठून कडी बघायला लागल्या. माझं स्वतःचं वेगळंच होतं. मी २०२१ पासून थोडं थोडं बिटकॉइन घेत आलेय, २०२४ च्या जुलैमध्ये वझीरएक्स या आभासी चलनांच्या खरेदी-विक्रीच्या भारतीय एक्सचेंजवरून वीस कोटी डॉलरहून जास्त किमतीचे कॉइन चोरीला गेले तेव्हा माझं तिथे काही नव्हतं, तरी मी सगळं एक्सचेंजवरून काढून स्वतःच्या हार्डवेअर वॉलेटमध्ये घेतलं. ते पेनड्राइव्हएवढं यंत्र असतं आणि त्याच्यासोबत चोवीस इंग्रजी शब्द कागदावर लिहून ठेवायचे असतात, यंत्र हरवलं तरी त्या शब्दांवरून सगळं परत मिळतं, आणि तेच शब्द दुसऱ्याच्या हातात गेले तर पैसे त्याचे. तर तो कागद कुठे ठेवायचा हा प्रश्न होताच. थोडक्यात सोनं, चांदी आणि तो कागद, तिन्हीला घराबाहेरची जागा हवी होती.

आता बँक. आमचं खातं त्या शाखेत लग्नाच्या आधीपासून आहे, नवऱ्याचा पगार तिथेच येतो, एक रुपयाची कधी भानगड नाही. काउंटरवरच्या बाईंनी मान वर न करता सांगितलं, "लॉकर फुल आहेत." मी म्हटलं बरं, वेटिंगला नाव घाला. "वेटिंग खूप मोठं आहे." चालेल, नंबर किती ते सांगा. "तसा नंबर नसतो मॅडम, निघाला की आम्ही फोन करतो." आता नंबर नाही तर वेटिंग कसलं, हे मी विचारलं तर म्हणाल्या साहेबांना भेटा, आणि साहेब मीटिंगला. परत गेले तर साहेब रजेवर. त्याच्या पुढच्या वेळी साहेब होते पण लॉकरचं काम बघणाऱ्या बाई नव्हत्या आणि रजिस्टर म्हणे त्यांच्या ड्रॉवरमध्ये, किल्ली त्यांच्याकडे. अर्धा दिवसाची रजा टाकून कर्वे रोडच्या ट्रॅफिकमधून जायचं आणि हे ऐकून परत यायचं.

मग एकदा मी अशीच बाकावर बसलेली असताना टाय लावलेला एक तरुण मुलगा जवळ येऊन बसला. अगदी गोड बोलणारा. म्हणाला, "मॅडम, तुमचं काम मी बघतो. एक छोटी पॉलिसी करून टाका, वर्षाला एक लाख, पाचच वर्षं भरायचे. लॉकर या आठवड्यात मिळेल." मी विचारलं, म्हणजे लॉकर शिल्लक आहे? तर म्हणतो, "आहे म्हणजे मॅनेज करावा लागेल." आणि पॉलिसी नको असेल तर मग पाच लाखांची एफडी करा, तेही चालेल.

माझं डोकंच सटकलं. ज्या बाईला महिनाभर लॉकर फुल आहेत म्हणून परत पाठवता तिलाच पॉलिसीच्या बदल्यात आठवड्यात लॉकर कसा काय निघतो? आमच्या सोसायटीत विचारलं तर तीन घरांनी सांगितलं की आम्ही मुकाट पॉलिसी घेतली, कोण कटकट करणार. मला हेच पटत नाही. आपलाच पैसा, आपलेच दागिने, भाडंही आपण भरणार, वर पाच वर्षं नको असलेली पॉलिसी पोसायची.

त्या रात्री बसून रिझर्व्ह बँकेचे लॉकरचे नियम वाचले, ऑगस्ट २०२१ मध्ये आलेले आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेले. त्याच्याआधी फेब्रुवारी २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने लॉकरच्या एका केसमध्ये रिझर्व्ह बँकेला सहा महिन्यांत नियम करायला सांगितलं होतं, त्यातून हे आले. त्यात स्पष्ट आहे की प्रत्येक शाखेने रिकाम्या लॉकरची यादी आणि वेटिंग लिस्ट कॉम्प्युटरमध्ये ठेवायची, अर्ज आला की पोच द्यायची, आणि लॉकर नसेल तर वेटिंग नंबर द्यायचा. बँक एफडी मागू शकते पण ती फक्त तीन वर्षांचं भाडं आणि लॉकर फोडायची वेळ आली तर त्याचा खर्च एवढीच, आणि ज्यांचं खातं नीट चालू आहे त्यांच्याकडे तीही आग्रहाने मागायची नाही. त्याहून जास्त एफडी लॉकरला जोडणं चुकीची प्रथा धरली जाईल असंही लिहिलंय. हे नियम सहकारी बँकांनाही लागू आहेत. खाजगी कंपन्यांचे व्हॉल्ट मात्र यात येत नाहीत, त्यामुळे तिथे जाणार असाल तर करार दहादा वाचा.

दुसऱ्या दिवशी एक पानी अर्ज मराठीत लिहिला. लॉकर हवा आहे, नसेल तर नियमाप्रमाणे वेटिंग नंबर द्यावा, अमुक तारखेला आपल्या शाखेत मला पॉलिसी किंवा पाच लाखांची एफडी घेतल्यास लॉकर मिळेल असं सांगण्यात आलं, तरी शाखेत रिकामे लॉकर किती आहेत ते कळवावं. दोन प्रती काढल्या. आवक खिडकीवरच्या माणसाने अर्ज वाचला आणि प्रत माझ्याकडे सरकवली, "याला शिक्का नाही मिळत, ठेवून जा." मी म्हटलं शिक्का द्या, मग ठेवते. तो म्हणाला साहेबांना विचारावं लागेल. मी म्हटलं विचारा, मी इथेच उभी आहे. मागे रांग वाढत होती, मला अवघडल्यासारखं झालं होतं, पण मागे पेन्शनचं पासबुक भरायला आलेले एक आजोबा होते ते मोठ्याने म्हणाले, "ताई, शिक्का घेतल्याशिवाय हलू नका, आम्हाला घाई नाही." त्यांचे आभार मानावे तेवढे थोडे. साहेब केबिनमधून बाहेर आले, अर्ज उभ्याउभ्याच वाचला, पॉलिसीच्या ओळीपाशी थांबले आणि म्हणाले, "मॅडम हे वाक्य काढा ना, मी बघतो तुमचं." मी काढलं नाही. शेवटी गोल शिक्का, तारीख, सही. निळ्या शाईचा तो शिक्का माझ्या प्रतीवर उमटला तेव्हा मला जो आनंद झाला तो लॉकर मिळाल्यावरही झाला नाही.

वेटिंग नंबर तरी दिला नाहीच. मग त्याच प्रतीचा फोटो जोडून बँकेच्या वेबसाइटवर तक्रार टाकली, तक्रार क्रमांक जपून ठेवला, आणि त्यात लिहिलं की तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी बघणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जाणार. तेवढ्याची गरजच पडली नाही. मुख्य ऑफिसमधून फोन आला, मग शाखेतून फोन आला, "मॅडम, एक लॉकर सरेंडर झालाय, कधी येताय?" तोच टायवाला मुलगा फोनवर होता आणि पॉलिसीचा शब्द नाही.

पुढचं सगळं पटापट झालं. फोटो, आधार, पॅन, पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर करार. कराराची दोघांच्या सह्यांची प्रत आपल्याला मिळायला हवी, ती मागून घ्या, नुसतं "पाठवतो" म्हणतील. लॉकर मी आणि सासूबाई अशा दोघींच्या नावावर घेतला, कोणीही एकटीने उघडायचा असा, आणि नॉमिनी लावला. १ नोव्हेंबर २०२५ पासून चार नॉमिनी लावता येतात, पण लॉकरला ते एकानंतर एक असेच, खात्यासारखी टक्केवारी वाटता येत नाही.

दागिने न्यायच्या आधी घरी एक काम केलं ते सगळ्यांनी करा. प्रत्येक वस्तूचा फोटो, लक्ष्मी रोडवरच्या आमच्या नेहमीच्या सराफाकडून वजन, आणि वहीत नोंद. नवीन दागिन्यांवर सहा अक्षरी एचयूआयडी, म्हणजे प्रत्येक दागिन्याचा वेगळा हॉलमार्क क्रमांक, असतो, तो सरकारी बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की दागिना कोणत्या शुद्धतेचा, कुठे हॉलमार्क झाला ते दिसतं. सासूबाईंच्या जुन्या पाटल्यांवर अर्थातच काही नाही, तिथे फोटो आणि वजनच. ही यादी का, तर लॉकरमध्ये काय आहे हे बँकेला माहीत नसतं आणि त्यांनी विचारायचंही नसतं. आणि दुसरं, आग, चोरी, इमारत कोसळणं किंवा कर्मचाऱ्याने केलेली फसवणूक यात बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभरपट एवढीच. भाडं तीन हजार असेल तर तीन लाख. आजच्या भावात तीन तोळेसुद्धा नाही येत त्यात. भूकंप, पूर असल्या गोष्टींना तेवढंही नाही, आणि पुण्याने १९६१ चा पानशेतचा पूर पाहिलाय, त्यामुळे तळघरातला लॉकर देत असतील तर वरच्या मजल्यावरचा मागा. विमा आपला आपण वेगळा काढायचा, घराच्या विम्यात दागिन्यांचं कव्हर मिळतं, त्यातही लॉकरमधले दागिने धरलेत का ते विचारून घ्या.

न्यायच्या दिवशी रिक्षा नको, दुचाकी तर अजिबात नको. आम्ही भाजीच्या साध्या पिशवीत ठेवून गाडीने गेलो, नवरा पुढे, सासूबाई मागे मांडीवर पिशवी घेऊन. कोणाला सांगितलं नव्हतं, कामवाल्या मावशींनाही नाही, सोसायटीच्या ग्रुपवर तर नाहीच. सकाळी फिरायला जाताना सासूबाई आता साधं काळ्या मण्यांचं घालतात, कारण चेन ओढून नेण्याचे प्रकार आपल्याकडे किती होतात ते रोज वाचतोच आपण. त्यांच्या फोनमध्ये ११२ स्पीड डायलला लावून दिलाय आणि ऑनलाइन फसवणुकीसाठी १९३० सुद्धा.

लॉकर रूममध्ये बाईंनी आधी त्यांची किल्ली फिरवली, मग माझी, मग त्या बाहेर गेल्या. आतला पत्र्याचा डबा ओढून काढला. चांदीला रबरबँड लावू नका, रबरातल्या गंधकाने ती काळी पडते, मऊ सुती कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करा. निघताना आपल्या लॉकरचं दार ओढून बघा, रजिस्टरमधली वेळ स्वतः वाचून सही करा, आणि उघडल्याचा एसएमएस त्याच दिवशी यायला हवा. रोख रक्कम लॉकरमध्ये ठेवायची नसते, करारातच असतं ते.

क्रिप्टोवाल्यांसाठी. शब्दांचा कागद लॉकरमध्ये ठेवला पण यंत्र घरी, दोन्ही एका जागी कधीच नाही. कागदावर बिटकॉइनचं नाव, पासवर्ड, रक्कम काही लिहिलेलं नाही. त्याचा फोटो फोनमध्ये काढायचा नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाही पाठवायचा नाही. नवऱ्याला काय आहे आणि कसं उघडायचं हे समोर बसवून दाखवलंय, नाहीतर मला काही झालं तर तो कागद त्याच्यासाठी कोडंच. आणि तुमच्याकडे किती आहे हे चारचौघांत बोलू नका, लग्नकार्यात तर नाहीच. ऑक्टोबर २०२५ मध्ये बिटकॉइन सव्वा लाख डॉलरच्या पुढे गेला तेव्हा माझ्या ऑफिसात जो तो आकडे सांगत होता, नोव्हेंबरात ९० हजारांच्या खाली आल्यावर सगळे गप्प, पण कोणाकडे आहे हे मात्र तोपर्यंत सगळ्यांना कळलं होतं. टॅक्स सरळ आहे, नफ्यावर ३० टक्के अधिक सेस, विक्रीवर १ टक्का टीडीएस, तोटा कशातच वजा होत नाही. खरेदीच्या पावत्या आणि स्टेटमेंट मी प्रिंट काढून त्याच लॉकरमध्ये ठेवलीत, सोन्याच्या बिलांबरोबर.

अजून एक आत्ता आठवलं. भाडं खात्यातून आपोआप जाईल असं लावून घ्या, सलग तीन वर्षं थकलं तर बँक लॉकर फोडू शकते. आणि भाडं भरलेलं असलं तरी वर्षातून एकदा जाऊन उघडून या.

तुमच्या शाखेने अर्जाला शिक्का दिलाच नाही तर स्पीड पोस्टाने पाठवा, पोस्टाची पोच हीच पोच. तीस दिवस थांबायचं, आणि मग रिझर्व्ह बँकेच्या तक्रार पोर्टलवर टाकायचं, फी काही नाही, वकील लागत नाही, अडचण आली तर १४४४८ ला फोन करा.