४२ पॅक्स, डिनर ओके

पॅरिसमध्ये जुलैत संध्याकाळचे साडेसात म्हणजे लख्ख ऊन. दुपारी आयफेल टॉवरपाशी सँडविचवर भागवलेली मंडळी बसमध्ये एकच विचारत होती, "आज इंडियन डिनर कुठेय?" टूर मॅनेजरच्या नोकरीत मी एवढं शिकलोय की लिफ्टच्या रांगेत दोन तास उभं केलं तरी लोक सोसतात, डाळ बिघडली की मात्र ऑफिसला मेल जातो.

रेस्टॉरंट पॅरिसच्याच 'ला शापेल' नावाच्या भागात. १९८३ च्या तमिळविरोधी दंगलींनंतर श्रीलंकेतल्या जाफन्याकडून आलेल्या तमिळांनी इथे दुकानं थाटली. कढीपत्ता, शेवग्याच्या शेंगा, सगळं फुटपाथवर. काकूंनी शेंगांचा युरोतला भाव रुपयांत करून घेतला आणि आता खरंच भूक लागली म्हणाल्या.

टेबलं मांडून तयार होती. पनीर बटर मसाला, मिक्स व्हेज, चिकन करी, डाळ, जिरा राईस, नान. पहिल्या तिन्ही भांड्यांचा रंग एकच, तपकिरीकडे झुकलेला केशरी. एका काकांनी मिक्स व्हेजमधली फरसबी उचलली, तिच्यावरची ग्रेव्ही नॅपकिनने पुसली आणि म्हणाले, "फरसबी ह्या भाजीची आहे हो, अंगरखा पनीरचा." सगळे हसले. नान तोवर वातड झाले होते, त्यावर मात्र कुणी हसलं नाही.

ग्रुपमध्ये चातुर्मास पाळणाऱ्या एक आजी होत्या. त्यांचं ताट बिनकांदा-लसणाचं हवं, हे मी दोनदा कळवलं होतं. असं ताट आलं की आधी मी चाखतो. चमच्याला लसणाचा करपलेला काप चिकटून आला.

तडक आत गेलो. शेगडीवर कमरेएवढं पातेलं: कांदा, टोमॅटो, लसूण उकडून वाटलेला एकच रस्सा. पनीरला त्यातलेच दोन डाव आणि क्रीम, चिकनला त्यातलेच दोन डाव आणि तिखट. आपल्याकडची हॉटेलंही ग्रेव्ही करूनच ठेवतात, फक्त लाल, पांढरी, पिवळी अशा दोन-तीन तरी असतात. इथे तेवढंही परवडत नव्हतं, आणि का ते मला ठाऊक होतं. माणशी किती युरो द्यायचे हे आमच्याच ऑफिसने हिवाळ्यात घासाघीस करून ठरवलं होतं. भांडायला गेलो होतो, पण आवाज काही चढला नाही.

आचारी जाफन्याचा. "हे मी खात नाही, टूरवाल्यांसाठी करतो," मोडक्या इंग्रजीत म्हणाला. कोपऱ्यात स्टाफसाठी भात आणि नारळाच्या दुधातलं परुप्पु, म्हणजे त्यांचं वरण, झाकून ठेवलेलं. वास असा, की तिथेच बसकण मारावी. पण त्यातही लसूण होता, नाहीतर पातेलंच उचललं असतं. मसूर लगेच शिजेल म्हणाला; चातुर्मासात आजींना मसूरही चालेना. शेवटी कुठल्याशा डब्यात मूगडाळ सापडली. कुकर नाही.

इकडे ड्रायव्हरचा फोन. युरोपात दर २४ तासांत त्याला साधारणपणे ११ तासांची सलग विश्रांती द्यावी लागते, आणि त्यातल्या सवलती आम्ही आधीच वापरून टाकल्या होत्या. सकाळी साडेआठला निघालेली बस रात्री साडेनऊला हॉटेलवर उभी राहिलीच पाहिजे. टॅकोग्राफ, म्हणजे बस किती चालली-थांबली ते नोंदवणारं यंत्र, सगळं टिपतो, त्याच्यापुढे गयावया चालत नाही. हॉटेल ४० मिनिटांवर, घड्याळात साडेआठ, आणि डाळ अजून दातांखाली कचकच.

मंडळींना गुलाबजामवर थोपवून धरलं. पावणेनऊला आचाऱ्याने जिरं-हळदीची फोडणी देऊन वरण-भात डब्यात भरला. वरचे पैसे मागितले नाहीत. काउंटरवर व्हाउचर पुढे आलं. "४२ पॅक्स, डिनर ओके" लिहून सही केली; पॅक्स म्हणजे आमच्या धंद्याच्या भाषेत माणसं. दुसरं काय लिहिणार?

बसमध्ये आजींनी डबा मांडीवर घेतला. चार घास झाल्यावर मला हाक मारली.

"मूग बरा शिजलाय रे. हिंग नाही घातला त्याने."

"नसेल हो त्याच्याकडे, आजी."

"उद्या कुठे जेवायचंय?"

"ब्रुसेल्सला."

सीटवर परत येऊन उद्याच्या रेस्टॉरंटला मेसेज टाकला: '४२ पॅक्स. एक ताट वेगळं. कांदा, लसूण, मसूर नाही. तयार ग्रेव्ही अजिबात नको. हिंग आहे का?'