बर्म्युडातले तीन दिवस आणि छपरावरचे पाणी

आमची क्रूझ अटलांटिक महासागरातल्या बर्म्युडाच्या धक्क्याला तीन दिवस उभी राहणार आहे हे कळल्यावर न्यू जर्सीतल्या ओळखीच्या प्रत्येकाने एकच प्रश्न विचारला, की अवघ्या ५३ चौरस किलोमीटरच्या बेटावर तीन दिवस करायचे तरी काय. त्याचे उत्तर मी सविस्तर लिहिणार आहे, पण दुसऱ्या दिवशी सेंट जॉर्जेस गावात जे घडले ते आधी सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. उन्हात चालून आई दमली होती आणि एका घराच्या बुटक्या कुंपणभिंतीवर टेकली होती. ते पाहून त्या घरातल्या वयस्कर बाई बाहेर आल्या आणि काही न विचारता त्यांनी आईला काचेच्या पेल्यात पाणी आणून दिले. आई सगळे पाणी प्यायली, पेला दोन्ही हातांत धरून क्षणभर थांबली आणि मला म्हणाली, "अगं, विचार त्यांना, हे नळाचं आहे का? पावसाच्या पाण्यासारखं लागतंय." मी विचारले. बाईंनी नळाचेच आहे म्हणून मान हलवली आणि मग बोटाने वर, आपल्या घराच्या पांढऱ्या छपराकडे दाखवले.

माझी आई ७४ वर्षांची आहे आणि तिचे माहेर सातारा जिल्ह्यातल्या दुष्काळी माण तालुक्यातले आहे. माणदेशात लहानपण काढलेल्या माणसाला पाण्याची चव कळते, हे मी तिच्या तोंडून अनेकदा ऐकले होते. त्या दिवशी ते प्रत्यक्ष पाहिले.

खरे तर छपरे तिने पहिल्याच दिवशी हेरली होती. मोठ्या क्रूझ बेटाच्या पश्चिम टोकाला, रॉयल नेव्हल डॉकयार्ड या जुन्या आरमारी तळावर लागतात. उतरल्यावर आम्ही क्रूझवरून विकल्या जाणाऱ्या सहली घेतल्या नाहीत, तर बस आणि फेरी या दोन्हींवर चालणारा तीन दिवसांचा पास घेतला. हा निर्णय मी आजही कोणालाही सुचवीन. पर्यटकाला इथे नेहमीची मोटार भाड्याने मिळत नाही. स्थानिक कुटुंबालाही एका घरामागे एकच गाडी ठेवता येते, वेगाची मर्यादा ताशी ३५ किलोमीटर आहे, आणि १९०८ पासून १९४६ पर्यंत तर खासगी मोटारींना बेटावर पूर्ण बंदी होती. रस्ते अरुंद आणि वळणावळणाचे असले तरी वाहने डाव्या बाजूने धावतात, त्यामुळे मला अनेक वर्षांनी रस्ता ओलांडताना आपोआप योग्य बाजूला पाहता आले, याचा झालेला आनंद कदाचित फक्त अमेरिकेत राहणाऱ्या भारतीयालाच समजेल. थांब्याचा खांब गुलाबी असेल तर बस राजधानी हॅमिल्टनकडे जाते आणि निळा असेल तर हॅमिल्टनहून बाहेर जाते, एवढे लक्षात ठेवले की चुकायला वाव उरत नाही.

पहिल्या बसमध्ये मात्र माझी चूक झालीच. मी चढता चढता चालकाला विचारले, "ही हॉर्सशू बेला जाते ना?" त्यांनी माझ्याकडे शांतपणे पाहिले, "गुड मॉर्निंग" म्हटले आणि ते थांबले. मी "गुड मॉर्निंग" म्हणेपर्यंत त्यांनी उत्तर दिले नाही. मग मात्र कुठे उतरायचे, परतीची बस कोणत्या बाजूला मिळेल, असे सगळे आपुलकीने सांगितले. त्या क्षणी मला थोडा राग आला हे मी लपवत नाही. नंतर पाहिले तर चढणारी शाळकरी मुलेसुद्धा आधी सगळ्या बसला उद्देशून नमस्कार करत होती. बोलण्याआधी समोरच्या माणसाची दखल घ्यावी, ही शिकवण मलाही घरातूनच मिळाली होती. अमेरिकेत एकोणीस वर्षे घाईत जगताना ती कधी मागे पडली, ते मला कळले नाही. आईला मात्र हे काही नवे वाटले नाही. तीन दिवस तिने चालकापासून फेरीच्या खलाशापर्यंत प्रत्येकाला स्वतःहून "गुड मॉर्निंग" म्हटले, दुपारीसुद्धा, आणि प्रत्येकाने तिला तितक्याच आदराने उत्तर दिले.

सात क्रमांकाची बस दक्षिण किनाऱ्याने जाते. सगळे प्रवासी समुद्राच्या बाजूला पाहत होते आणि आई दुसऱ्या बाजूला. "सगळ्या घरांची छपरं पांढरी कशी? आणि त्यांना पायऱ्या कशाला केल्यात?" असे तिने विचारले. भिंती गुलाबी, पिवळ्या, फिकट निळ्या, पण छप्पर पांढरेशुभ्र आणि त्यावर खालपर्यंत उतरत जाणाऱ्या ठेंगण्या पायऱ्या. मी काहीतरी गुळमुळीत उत्तर दिले. हॉर्सशू बेची वाळू खरोखर गुलाबी छटेची आहे. प्रवाळांवर राहणाऱ्या एका सूक्ष्म जीवाची लाल कवचे फुटून वाळूत मिसळतात म्हणून ती तशी दिसते. पाणी इतके स्वच्छ होते, की गुडघाभर पाण्यात उभे राहून आपली बोटे मोजता येत होती. क्रूझवरची बहुतेक गर्दी इथेच येते. तिथून वाळूच्या टेकड्यांमधल्या पायवाटेने पूर्वेकडे चालत गेले की जॉब्सन्स कोव्ह नावाची, खडकांनी कुशीत घेतलेली छोटी खाडी लागते. आई तिथे पाण्यात बसली. लाट अंगावर येऊ न देणारी अशी जागा वयस्कर माणसांना सोबत घेऊन जाणाऱ्यांनी नक्की लक्षात ठेवावी.

परतताना मी एकटीच गिब्ज हिलच्या दीपस्तंभावर चढले. ओतीव लोखंडाचा हा दीपस्तंभ १८४६ सालचा आहे आणि त्याला १८५ पायऱ्या आहेत. वरून सगळे बेट माशाच्या गळासारखे वाकलेले दिसते, आणि त्या हिरव्या गळावर सगळीकडे पांढरी छपरे. आईचा प्रश्न मला तिथे पहिल्यांदा खरा प्रश्न वाटला.

त्याचे उत्तर त्या बाईंच्या अंगणात मिळाले. बर्म्युडात एकही नदी नाही, ओढा नाही, गोड्या पाण्याचा तलाव नाही. सर्वांत जवळची मोठी भूमी सुमारे हजार किलोमीटरवर आहे. म्हणून इथे घर बांधायचे तर छपराने पाऊस धरायचा आणि घराखालच्या टाकीत साठवायचा, हे कायद्यानेच बंधनकारक आहे. छपराचा किमान चार-पंचमांश भाग पाणी गोळा करण्यासाठी वापरला गेला पाहिजे, असा नियम आहे. छप्पर चुनखडीच्या दगडाच्या लाद्यांचे असते. जोराचा पाऊस आला तरी पायऱ्यांमुळे पाणी उसळून बाहेर न जाता सावकाश उतरते, कडेच्या दगडी पन्हळीत येते आणि तिथून नळीने टाकीत जाते. पूर्वी छपराला चुन्याचा हात देत, कारण चुन्याने पाणी निवळ राहते. आता त्यासाठी खास रंग मिळतो. लाद्या इतक्या जड असतात की वादळातही छप्पर जागचे हलत नाही. पूर्वी तर घराचा दगड अनेकदा त्याच जागेतून काढत आणि त्या खड्ड्याचीच टाकी होत असे. बाईंनी टाकीचे झाकण उघडून दाखवले. आत अंधार, गारवा आणि स्वच्छ पाणी होते, आणि डासांच्या अळ्या खाण्यासाठी त्यात मासे सोडलेले होते. "गप्पी मासे!" असे आई मोठ्याने म्हणाली. मासे नेमके कोणते होते कोण जाणे, पण आपल्या ओळखीची गोष्ट हजारो मैलांवर भेटल्यावर तिच्या चेहऱ्यावर जे उमटले, ते पाहून त्या बाईंनाही काही समजावून सांगण्याची गरज उरली नाही.

मला मात्र तिथे उभे राहून आपली बाजू मांडावीशी वाटली. मी आईला म्हणाले, की इथे वर्षाला सुमारे १,४०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो बाराही महिने विभागून पडतो, म्हणून मध्यम आकाराची टाकीही पुरते. माणदेशात पाचशे मिलिमीटरही नीट पडत नाही आणि जो पडतो तो काही आठवड्यांत येऊन जातो. कोकणात याच्या दुपटीहून जास्त पडतो, पण चार महिन्यांत, आणि पुढचे आठ महिने पुरेल एवढी टाकी सामान्य माणसाने कशी बांधावी? शिवाय आपल्याला हे ज्ञान नव्हते असेही नाही. कान्हेरीच्या लेण्यांत डोंगरावरून पाणी वळवून आणणारे पाट आणि कातळात कोरलेली टाकी आहेत. शिवनेरीवरच्या गंगा-जमुना टाक्यांचे पाणी तर आपण शाळेच्या सहलीत पाहिलेले असते. शहरांतल्या नव्या इमारतींना छपरावरचे पाणी जिरवण्याचे नियमही आहेत. मी बोललेला यातला एकही शब्द खोटा नाही आणि मी तो पुन्हा म्हणेन.

आईने सगळे ऐकून घेतले. मग ती म्हणाली, "आमच्या घराला पत्रा होता. पाऊस आला की वळचणीला बादल्या, घागरी, पातेली, जे हाताला लागेल ते मांडायचो. सगळं भरलं की उरलेलं पाणी अंगणातून ओढ्याला जायचं आणि आम्ही उभं राहून बघायचो. चार दिवसांनी परत हंडा घेऊन निघायचं." तिच्या आवाजात तक्रार नव्हती. त्यावर मला उत्तर सुचले नाही, आणि आजही सुचलेले नाही.

बाईंनी पुढे सांगितले, की पाऊस लांबला की त्यांनाही पाण्याचा ट्रक मागवावा लागतो. मी ते भाषांतर करून सांगताच आई म्हणाली, "म्हणजे टँकर इथंही आहेच!" खरे सांगायचे तर, ते ऐकून मला बरे वाटले.

सेंट जॉर्जेसमध्ये पाहण्यासारखे पुष्कळ आहे. १६०९ साली व्हर्जिनियाला निघालेले 'सी व्हेंचर' हे इंग्रजी जहाज वादळात सापडून इथल्या खडकांवर अडकले. त्यावरची सुमारे दीडशे माणसे वाचली, त्यांनी बेटावरच दोन नवी जहाजे बांधली आणि बहुतेक सगळे पुढे गेले. १६१२ मध्ये हे गाव वसले आणि २००० साली युनेस्कोने त्याला जागतिक वारसा स्थळाचा दर्जा दिला. सेंट पीटर्स चर्चची तुळयांची लाकडी आढी आणि टेकडीवरचे छप्परच नसलेले अपूर्ण चर्च, ही दोन्ही ठिकाणे पायी होतात. तिथून हॅमिल्टनकडे जाणाऱ्या बसने आम्ही वाटेत क्रिस्टल केव्हजमध्ये उतरलो. हरवलेला चेंडू शोधणाऱ्या दोन मुलांना विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही गुहा सापडली. खाली स्वच्छ खाऱ्या पाण्याचे तळे आहे आणि त्यावर तरंगता पूल. आईला जिना जमला, पण वाकून चालणे अवघड गेले. हॅमिल्टनमध्ये आम्ही फक्त फेरी पकडली. दुकाने जगात सगळीकडे सारखीच असतात.

डॉकयार्डसाठी मात्र आम्ही संध्याकाळ राखून ठेवली होती. तिथल्या घड्याळाच्या दोन मनोऱ्यांपैकी एक वेळ दाखवत असे आणि दुसरा भरतीची वेळ. हा तळ १८०९ पासून बांधायला घेतला आणि पुढे १८२३ पासून त्यासाठी ब्रिटनहून हजारो कैदी आणले गेले. ते धक्क्यालगतच्या निकामी जहाजांत कोंडलेले असत आणि त्यांतले अनेक इथेच मेले. अंदमानची आठवण झाल्याशिवाय त्या भिंतींजवळून मला जाता आले नाही. त्याच पाण्यात आमची प्रचंड, दिव्यांनी झगमगणारी क्रूझ उभी होती, आणि तिच्यावर समुद्राचे पाणी गोडे करून हवे तितके पाणी सोडता येत होते. आई त्या रात्री अंघोळीला बादली मागत होती. मी तिला शॉवर चालू ठेवायला सांगितले. तिने साबण लावताना तो बंद केला.

आमच्या शेजारच्या केबिनमधले कुटुंब तीन दिवसांत एकदाच खाली उतरले, कारण "त्या बेटावर बघायला फार काही नाही." सुट्टी कशी घालवावी हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे, पण या मताशी मी जराही सहमत नाही. एक दिवसाच्या थांब्यावर माणूस यादी उरकतो. क्रूझ रात्रीही तिथेच उभी असली की काल पाहिलेल्या जागी आज परत जाता येते, आणि परदेशात राहणाऱ्या माझ्यासारखीला प्रवासात ही गोष्ट फार क्वचित मिळते.

ते मला तिसऱ्या दिवशी कळले. आदल्या रात्री आईने मामाला फोन करून छपराची सगळी रचना सांगितली होती, आणि मामाने एकच प्रश्न विचारला होता, की पन्हळीतून नळी टाकीत जाते तिथे जोड कसा केला आहे आणि कचरा अडवायला काय लावले आहे. माझ्या फोनमध्ये गुलाबी वाळूचे दोनशेहून अधिक फोटो होते आणि त्या जोडाचा एकही नव्हता. म्हणून क्रूझ सुटायच्या दिवशी सकाळी, राखून ठेवलेला संग्रहालयाचा बेत सोडून, आम्ही पुन्हा सेंट जॉर्जेसची फेरी पकडली. त्या बाई घरी नव्हत्या. शेजारी झाडांना पाणी घालणाऱ्या गृहस्थांना आईने "गुड मॉर्निंग" म्हटले, बोटाने छप्पर, पन्हळ आणि मग माझा फोन दाखवला, आणि त्यांनी कुंपणाचे फाटक उघडून आम्हाला आपल्याच घराच्या कोपऱ्याशी नेले. तिथे पन्हळीच्या तोंडाशी नळीवर बारीक जाळी बसवलेली होती. आईने तीन बाजूंनी तिचे फोटो काढून घेतले, आणि चौथा, जाळीचा आकार कळावा म्हणून, तिच्यावर स्वतःचा तळहात ठेवून.