नॅशव्हिल : मंगळवारी शाळा सुटल्यावर

अटलांटाहून अमेरिकेतल्याच नॅशव्हिलला निघताना बहिणीने बजावलं होतं, "दादा, तिथलं घड्याळ एक तास मागे असतं हं." मी हो म्हटलं आणि विसरलो. चॅटनूगा मागे पडलं, घाट उतरलो आणि मोबाइलने गुपचूप काटा मागे घेतला. चार तासांचा रस्ता घड्याळात तीनच तासांचा झाला. हॉटेलात पोचलो तेव्हा खोली तयार नव्हती. काउंटरवरचा माणूस गोड हसून म्हणाला, "तोवर ब्रॉडवेवर फिरून या."

ही २०१९ च्या ऑक्टोबरातली गोष्ट. प्रवासाचं निमित्त होतं सोळा वर्षांची भाची. तिला टेलर स्विफ्ट या गायिकेचं गाव बघायचं होतं. मी मिरजेचा, भजनी मंडळात पेटी वाजवणारा. टेलर स्विफ्ट म्हणजे चमचमते कपडे आणि किंचाळणाऱ्या पोरी, एवढीच माझी माहिती. मामा म्हणून गेलो, इतकंच.

लोअर ब्रॉडवे म्हणजे जत्रा. दुपारी बारा वाजता प्रत्येक बारच्या खिडकीत एक बँड, आणि शेजारच्या बारमधला दुसरा बँड त्याच्यावर कुरघोडी करतोय. जांभळ्या रंगाचं टूट्सीज, पुढे रॉबर्ट्स. एक बादली प्रेक्षकांतून फिरते, बरेचसे वादक तिच्यात पडेल त्यावर जगतात. वादन मात्र पक्कं. गिटारवाला एका हाताने घाम पुसून पुढच्याच मात्रेला सुरात यायचा.

जेवणाची गंमत वेगळीच. इथे 'मीट अँड थ्री' नावाचा प्रकार असतो, एक मांसाचा पदार्थ आणि तीन भाज्या. मी नुसत्या भाज्या मागितल्या. भाज्यांच्या यादीत चीजमधली मॅकरोनीसुद्धा होती. बाई अगदी गंभीरपणे म्हणाली, "हो, आमच्याकडे ती भाजीच."

दुसऱ्या दिवशी म्युझिक रो. नाव ऐकून मी काहीतरी भव्य डोळ्यांसमोर आणलं होतं, पण सोळाव्या-सतराव्या ॲव्हेन्यूवरची ती साधी बैठी घरं, पुढे हिरवळ, व्हरांडा. दारावरची पाटी वाचल्यावर कळतं की हे गाण्यांच्या प्रकाशकाचं ऑफिस आहे. टेलर अकरा वर्षांची असताना शाळेच्या सुट्टीत आईबरोबर पेनसिल्व्हेनियाहून इथे आली होती. आई गाडीत बसायची आणि पोरगी एकेका दारात जाऊन स्वतःच्या आवाजातली, पण दुसऱ्यांच्या गाण्यांची सीडी रिसेप्शनवर द्यायची. कोणी फोन केला नाही. घरी गेल्यावर तिच्या लक्षात आलं की या गावात चांगलं गाणारी पोर गल्लीगल्लीत आहे. मग तिने गिटार धरली आणि स्वतःची गाणी लिहायला लागली.

इथे एक सांगायला हवं. आपल्याला 'हलाखीतून वर आली' छापाची कथा फार आवडते, आणि ही तशी नाही. वडील शेअर दलाल, घर खाऊनपिऊन सुखी. मुलीसाठी अख्खं कुटुंब २००४ मध्ये नॅशव्हिलजवळच्या हेंडरसनव्हिलला राहायला आलं. पुढे जी नवी कंपनी तिचे अल्बम काढणार होती, तिच्यात वडिलांनी छोटा हिस्साही घेतला. भाचीला हे ऐकवलं तर ती फुरंगटली. "मामा, पैसे खूप जणांकडे असतात. गाणी कोणी लिहिली?"

गाणी तिनेच लिहिली, हेही खरं. तेराव्या वर्षी आरसीए या बड्या ध्वनिमुद्रण कंपनीने तिच्याशी वर्षभराचा करार केला होता. वर्षाच्या शेवटी कंपनी तिला आणखी थांबवून ठेवायला निघाली, तेव्हा ती सोडून आली. चौदाव्या वर्षी सोनी एटीव्ही या प्रकाशन संस्थेने तिला गीतकार म्हणून करारबद्ध केलं. त्यांच्याकडची ती तोवरची सर्वांत लहान गीतकार. या धंद्यात गीतकारांच्या भेटी आधी ठरवलेल्या असतात. एक खोली, दोन गिटारी आणि दुपारपर्यंत गाणं तयार. दर मंगळवारी शाळा सुटली की टेलर म्युझिक रोवर यायची आणि लिझ रोझ या तिच्यापेक्षा बऱ्याच मोठ्या गीतकार बाईंबरोबर बसायची. वर्गात काय झालं, कोण कोणाला काय बोललं, ते सगळं घेऊन यायची. आपण फक्त संपादकाचं काम केलं, असं रोझबाईंनी नंतर सांगितलं आहे. आपल्याकडची मुलं त्या वेळेला गणिताच्या क्लासला बसलेली असतात. हिचं पहिलं गाजलेलं गाणं तर गणिताच्या तासालाच सुचलं होतं.

त्या दिवशी माझा खरा आनंद होता आरसीएचा जुना स्टुडिओ बी. १९५७ ते १९७७ इथे कंट्री (म्हणजे तिकडचं ग्रामीण वळणाचं संगीत) आणि रॉक-अँड-रोलची असंख्य गाणी ध्वनिमुद्रित झाली, एल्व्हिसचीसुद्धा. गाइडने आम्हाला वादकांची 'नंबर शीट' समजावली. कागदावर स्वरलिपी नाही, नुसते आकडे : १, ४, ५, १. म्हणजे गाण्याच्या आधारस्वरावरचा कॉर्ड (एकत्र वाजवलेले सूर), त्यापासून चौथा, पाचवा, परत पहिला. गायकाचा घसा बसला असेल तर कागद बदलायचा नाही. नवी पट्टी सांगायची आणि सगळे तेच आकडे नव्या पट्टीत वाजवतात. मी जवळजवळ ओरडलोच, "अहो, हे तर आमचंच!" आमच्या मंडळात बुवा म्हणतात, "आज काळी चार नको, काळी तीन धरा," आणि सगळं भजन खाली सरकतं. षड्ज हलतो, सरगम तीच राहते. बहीण हळूच म्हणाली, "दादा, लोक बघतायत." बघू देत.

हेंडरसनव्हिलला जाऊन आलो. बघण्यासारखं काही नाही : तळं, मॉल, हायस्कूलची इमारत. कंट्री गायक जॉनी कॅशचं तळ्याकाठचं घर २००७ मध्येच जळालं. भाचीने शाळेच्या पाटीचा फोटो काढला आणि आम्ही फिरलो.

आता ब्लूबर्ड कॅफे, गीतकार आपली गाणी गाऊन दाखवतात ती जागा. इथे एका शोला टेलरला स्कॉट बोर्शेटाने ऐकलं. तो तेव्हा दुसऱ्या कंपनीत नोकरी करत होता, स्वतःची कंपनी काढायच्या बेतात. त्याच्याकडे ना ऑफिस होतं ना नाव, तरी ती त्याच्याबरोबर गेली. ऑक्टोबर २००६ मध्ये पहिला अल्बम आला. तिने आणि आईने सीडी पाकिटांत घालून रेडिओ स्टेशनांना पाठवल्या, मग स्टेशनांचे उंबरे झिजवले. डिसेंबर २००७ मध्ये तिने एकटीने लिहिलेलं आणि गायलेलं गाणं कंट्रीच्या यादीत पहिलं आलं. असं करणारी ती सर्वांत लहान. हे गाणं तिने नववीत शाळेच्या कार्यक्रमासाठी लिहिलं होतं. जानेवारी २०१० मध्ये दुसऱ्या अल्बमला वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमी मिळालं, तेव्हा ती वीस वर्षांची होती.

मंगळवारच्या त्या बैठकांचं मोल मला पुढे कळलं. आम्ही गेलो त्याच वर्षी तिच्या पहिल्या सहा अल्बमच्या मूळ ध्वनिमुद्रणांचे हक्क कंपनीबरोबर तिसऱ्याच माणसाकडे विकले गेले होते. ध्वनिमुद्रण कंपनीचं असलं, तरी शब्द आणि चाल लिहिणाऱ्याची. करारातली मुदत संपल्यावर त्यांतली बरीच गाणी तिने २०२१ पासून पुन्हा गाऊन नव्याने काढली. २०२५ मध्ये तिने जुनी ध्वनिमुद्रणंही विकत घेतली. नुसती गायिका असती तर गाण्यांवर तिचा एवढा हक्क राहिला नसता.

तर ब्लूबर्ड. १९८२ पासून एका साध्या दुकानांच्या रांगेत, सलून-लाँड्रीसारख्यांच्या शेजाराला, निळं छप्पर लावलेलं. खुर्च्या जेमतेम नव्वद. आरक्षण उघडलं की काही मिनिटांत संपतं. आमचं संपलंच. सोमवारच्या 'ओपन माइक'ला, म्हणजे नाव देऊन कोणीही गावं अशा कार्यक्रमाला, रांगेत दोन तास उभे राहिलो तेव्हा मागच्या भिंतीला टेकून जागा मिळाली.

इथला नियम एकच : गाणं चालू असताना बोलायचं नाही. बोललात तर 'शूः' येतं. ग्लासात बर्फ हलला तरी ऐकू येत होतं. मिरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसाला रात्ररात्र गाणं ऐकत मोठा झालोय मी. तिथे 'वाह' म्हणायला मुभा, इथे तीही नाही. नाव पुकारलं की येऊन गाणं म्हणायचं आणि उतरायचं.

आठवा की नववा, एक विशीतला मुलगा आला. पायात कामावरचे बूट, त्यावर सिमेंटचे डाग. दुसऱ्या ओळीला शब्द विसरला. थांबला. कोणी हसलं नाही, कोणी टाळ्या वाजवून धीरही दिला नाही. त्याने गिटारचा एक कॉर्ड पाच-सहा वेळा वाजवला, मान वर केली आणि ओळ सापडली. गाणं आजोबांच्या जुन्या ट्रकवर होतं. ट्रक विकायचा आहे आणि किल्ली हरवली आहे, एवढंच त्यात घडतं.

बाहेर पार्किंगमध्ये तो गिटार गाडीत ठेवत होता. मी जाऊन म्हटलं, गाणं आवडलं. "ती ओळ आजच सकाळी बदलली होती, सर. बदलायला नको होती," म्हणाला. उद्या काय, असं भाचीने विचारलं. सकाळी सहाला कामावर, आणि चारनंतर एका मैत्रिणीबरोबर लिहायला बसणार आहे म्हणाला.

दुसरा दिवस मंगळवारच होता. परतीच्या वाटेवर भाची मागच्या सीटवर वहीत आकडे मांडत होती. "मामा, एक-पाच-सहा-चार, पेटीवर येईल?"

"पट्टी कुठली?"

"तू सांग ना."

काळी चार म्हटलं. चॅटनूगा येईपर्यंत ती गुणगुणत होती, मग तिथे तो एक तास परत द्यावा लागला.