टीशर्टचा गळा उभा का राहतो? पट्टीची लांबी मोजा!

घरी शिवलेला टीशर्ट असला की लोकांचं लक्ष आधी गळ्याकडे जातं. बाही जरा सैल, खांदा थोडा उतरलेला, हे सगळं खपून जातं, पण गळ्याची पट्टी अंगाला लागून न बसता पुढे उभी राहिली किंवा तिला लाटा पडल्या की तो टीशर्ट फक्त घरात झोपायला वापरायचा होतो. आणि मग सगळं खापर मशीनवर फुटतं, नाहीतर "होजिअरीचं कापड घरी शिवताच येत नाही" असं म्हणून विषय संपवला जातो. मला हे अजिबात पटत नाही. आमच्या फोंड्यात ब्लाउजला इतकी सुबक पायपिंग करणाऱ्या बायका आहेत की बघत राहावं, आणि त्याच बायका टीशर्टच्या गळ्याला हात लावायला घाबरतात. खरं तर बहुतेक वेळा चूक शिलाईची नसतेच, पट्टी किती लांब कापली तिथे गणित बिघडलेलं असतं. शेजारच्या कॉलेजमधल्या मुलीने परवा विचारलं, "काकी, सगळं नीट बसलं गो, मग गळाच असा का उभा?" तिला जे सांगितलं तेच इथे नीट सविस्तर लिहितेय.

इथे सांगतेय ती बांधलेल्या गळ्याची पद्धत, तेव्हा आधी बांधलेला गळा म्हणजे कुठला ते बघू. घरातला पुरुषांचा एखादा बनियन घ्या आणि गळ्याची कड उलटी करून बघा. कापडाची कड आत लपलेली आहे आणि तिच्यावरून एक बारीक पट्टी बाहेरून आत गुंडाळलेली आहे, तोच बांधलेला गळा. आता त्याच बनियनचा एक खांदा नीट बघा, बऱ्याच बनियनांमध्ये एका खांद्यावर पट्टी सरळ कापली गेलेली दिसते आणि तिथे छोटे घट्ट टाके मारलेले असतात. कारखान्यात एकच खांदा जोडून गळा उघडा ठेवतात, फ्लॅटलॉक मशीनला पट्टी दुमडणारा फोल्डर लावलेला असतो त्यातून पट्टी सरळ लावत नेतात आणि मग दुसरा खांदा बंद करतात. ही पद्धत घरीसुद्धा चालते आणि पहिल्यांदा करणाऱ्याने हीच करावी असं मला वाटतं, कारण गोल रिंगणात शिवण्यापेक्षा सरळ शिवणं सोपं.

टीशर्टच्या गळ्याचा दुसरा प्रकार म्हणजे दुहेरी रिबची (उभ्या बारीक रेघांच्या, चांगल्या ताणल्या जाणाऱ्या होजिअरीची) पट्टी, ती कडेला जोडून वर उभी राहते, गोल गळ्याच्या टीशर्टला असते ती. या दोन्हींत एक मोठा फरक आहे आणि तो लक्षात न घेतल्याने गळे मोठे होतात. रिबची पट्टी गळ्यात भर घालते. समजा १ सेंटिमीटर शिलाई (म्हणजे कडेपासून टीपेपर्यंतचं अंतर) आणि तयार पट्टी २ सेंटिमीटर, तर तयार गळा कापलेल्या कडेपेक्षा १ सेंटिमीटर मानेकडे येतो. बांधलेल्या गळ्यात कापलेली कड हीच तयार गळ्याची कड, तिथे भर काही पडत नाही. म्हणजे रिबच्या पट्टीसाठी बनवलेल्या पॅटर्नवर तुम्ही तसाच गळा कापून बांधला तर तो सगळीकडून १ सेंटिमीटर मोठा होणार, आणि सगळीकडून १ सेंटिमीटर म्हणजे घेरात सव्वासहा सेंटिमीटरच्या आसपास वाढ. ब्राचे पट्टे दिसायला लागतात ते यामुळेच. तेव्हा आधी कागदावरच गळा तेवढा वर घ्या.

आता बांधलेल्या गळ्याच्या पट्टीची लांबी. इंटरनेटवर सगळीकडे एकच आकडा फिरतो, गळ्याच्या ८५ टक्के घ्या. पण हे ८५ टक्के कशाचे? कापलेल्या कडेचे की शिलाईच्या रेषेचे? इथेच सगळा घोळ आहे. पट्टी शिवली जाते कडेपासून १ सेंटिमीटर खाली, आणि गळा गोल असल्यामुळे तिथला घेर कडेपेक्षा मोठा असतो. पण तीच पट्टी उलटून वर आली की तिला कडेच्या लहान घेरावर बसायचं असतं. कड ५४ सेंटिमीटर असेल तर शिलाईची रेषा साधारण ६० सेंटिमीटर येते. तुम्ही पट्टी ६० ची लावलीत, अजिबात न ताणता, तर वर कडेला तिची ६ सेंटिमीटर लांबी जास्तीची होणार, तिला जागाच नाही, मग ती उभी राहणार नाही तर काय करणार! इस्त्री कितीही मारा, ती लांबी कुठे जात नाही.

म्हणून मी टक्के शिलाईच्या रेषेवर काढतच नाही, तयार कडेवर काढते. टेप उभी धरून, म्हणजे तिच्या धारेवर, गळ्याची कापलेली कड मोजा (अर्धा गळा मोजून दुप्पट केला तरी चालेल). कॉटनच्या त्याच टीशर्टच्या कापडाची पट्टी असेल तर त्या मापाच्या ९५ टक्के, लायक्रा असलेली रिब असेल तर ९० टक्के. ५४ च्या गळ्याला पहिल्या हिशोबाने ५१ च्या जरा वर, दुसऱ्याने साडेअठ्ठेचाळीस. आता हेच आकडे ६० च्या शिलाईरेषेशी ताडून बघा, ८५ आणि ८१ टक्के येतात, म्हणजे तो प्रसिद्ध आकडा चुकीचा नाहीये, फक्त तो मोठ्या माणसाच्या गळ्याला आणि १ सेंटिमीटरच्या पट्टीलाच लागू पडतो. पट्टी बारीक केलीत, समजा ६ मिलिमीटरची, तर रेषा आणि कड यांच्यातलं अंतर कमी होतं आणि ५१ सेंटिमीटरची पट्टी शिलाईरेषेच्या जवळजवळ ८९ टक्के होते. उलट ४० सेंटिमीटर कडेच्या लहान मुलाच्या गळ्याला १ सेंटिमीटरची पट्टी लावली तर ८२ टक्के. एकच आकडा सगळ्यांना लावला तर बाळाचा गळा उभा राहणार आणि बारीक पट्टीचा गळा आवळून चुण्या पडणार, हे ठरलेलंच. जोडासाठी दोन्ही टोकांना मिळून २ सेंटिमीटर वेगळे धरायचे ते विसरू नका.

रुंदी सोपी आहे. १ सेंटिमीटर शिलाई, १ दर्शनी बाजू, १ आतली बाजू आणि अर्धा सेंटिमीटर जास्तीचा म्हणजे साडेतीन. आतली कड दुमडायची गरज नाही, हे कापड पॉपलिनसारखं उसवत नाही, दुमडलीत तर उगाच जाड होतं.

ब्लाउजच्या सवयीने पट्टी उरेब, म्हणजे तिरकी, कापायला जाऊ नका. साध्या कापडाला ताण उरेबमध्येच मिळतो म्हणून तिथे उरेब लागते, होजिअरीला तो आडवा आयताच मिळतो, म्हणजे एका काठाकडून दुसऱ्या काठाकडे. पट्टीची लांबी त्या आडव्या दिशेला यायला हवी. आणि कापायच्या आधी एक छोटी तपासणी: पट्टीच्या कापडाचा १० सेंटिमीटरचा तुकडा मोजपट्टीवर धरून १३ पर्यंत ताणा आणि सोडा. लगेच १० वर आला तर छान. साडेदहावर रेंगाळला तर ते कापड अंगासाठी वापरा, गळ्यासाठी लायक्रावाली रिब आणा. ताणून परत न येणाऱ्या कापडाचा गळा दोन-तीन धुण्यांतच सैल पडतो, मग तुम्ही कितीही जीव ओतून शिवलेला असो. फुटबॉलच्या जर्सीचं पॉलिएस्टर, जे आपल्या गोव्यात घरोघरी असतंच, ते परत चांगलं येतं पण इस्त्री जपून, त्यावर पातळ सुती कापड टाकूनच.

कॉटन होजिअरी कापायच्या आधी धुवायलाच हवी, ती आटते. आणि इथेच आपला पाऊस आडवा येतो. जूनपासून चवथीपर्यंत (गणेश चतुर्थीपर्यंत) कापड वाळतच नाही, वरून कोरडं लागतं पण हाताला गार लागतं, अशा दमट कापडावर माप घेऊ नका, दमट होजिअरी जास्त ताणली जाते आणि गळा कापताना मोठा होतो. पंख्याखाली रात्रभर पसरून ठेवा, सकाळी वाफ न देता इस्त्री करा आणि मगच कात्री लावा. कापलेला टीशर्ट खुर्चीच्या पाठीवर लटकवून ठेवू नका, स्वतःच्या वजनाने गळा ओढला जातो. टेबलावर सपाट. खांद्याच्या शिलाईत एक न ताणणारी बारीक टेप घाला, नसेल तर पॉपलिनच्या काठाची पट्टी चालते, नाहीतर गळा चांगला आणि खांदे ओघळलेले असा प्रकार होतो.

सुईबद्दल थोडं जास्त बोलायला हवं. बॉलपॉइंट सुई, ७५/११ नंबरची. साध्या सुईचं टोक धारदार असतं, ते धागा कापून जातं आणि धुतल्यावर शिलाईच्या कडेने बारीक भोकं पडत जातात, बॉलपॉइंटचं गोल टोक धाग्यांच्या मधून वाट काढतं. कापडात लायक्रा भरपूर असेल आणि टाके सुटत असतील तर स्ट्रेचची सुई घ्या. घरगुती मशीनना या सुया बसतात, जुन्या काळ्या पायमशीनला सुद्धा बहुतेकदा, फक्त सुईचा दांडा एका बाजूने चपटा आहे ना ते आपल्या सुईशी जुळवून बघा. आणि पावसाळ्यात सुया उघड्या ठेवू नका, आपल्या हवेत त्यांना गंज पकडायला वेळ लागत नाही, आणि गंजलेली सुई होजिअरीत धागे ओढतेच ओढते. मी बुटांच्या खोक्यात येणाऱ्या त्या सिलिकाच्या पुड्या सुयांच्या डबीत टाकून ठेवते. दोरा पॉलिएस्टरचा, सुती दोरा ताणला की तुटतो.

झिगझॅगची सोय असेल तर रुंदी अर्धा मिलिमीटर, लांबी अडीच. दिसायला सरळ टीपच दिसते पण ताण घेते. फक्त सरळ टीप मारणारी मशीन असेल तरी निराश व्हायचं कारण नाही, आधी एक हिशोब करा. मोठ्या माणसाच्या डोक्याचा घेर साधारण ५५ ते ५८ सेंटिमीटर, तुमचा गळा ५४ चा, म्हणजे घालताना तो थोडासाच ताणला जाणार, पॉलिएस्टर दोऱ्याची सरळ टीप हलकेच ताणून मारली तर टिकते. चार वर्षांच्या मुलाचं डोकं मात्र ५० च्या आसपास असतं आणि गळा ४० चा, तिथे पाव पट ताण लागतो, सरळ टीप रोज घालता-काढता तटकन तुटणार. तिथे झिगझॅगच हवा, नाहीतर एक खांदा उघडा ठेवून टिचबटणं लावा, लहान मुलांना ते आवडतंही.

आता शिवायचं. एक खांदा जोडलेला, दुसरा उघडा. पट्टीचे चार समान भाग करून खुणा करा, गळ्याचेही करा. इथे एक लक्षात ठेवा, गळ्याची पाव खूण खांद्याच्या शिलाईवर येत नाही, पुढचा गळा मागच्यापेक्षा लांब असतो त्यामुळे ती खांद्याच्या पुढे येते, आणि ते बरोबर आहे, खांद्यावर ओढून आणू नका. सुलट बाजूला सुलट बाजू ठेवून खुणांना खूण टाचणी लावा. पट्टी वर, टीशर्ट खाली. शिवताना फक्त पट्टी ताणायची, ती खालच्या कापडाएवढी होईल इतपतच, टीशर्टला बोट लावायचं नाही. ताण सगळीकडे सारखा नको हे मात्र मनापासून सांगते. पुढे गळा जिथे गोल वळतो तिथे पट्टी जास्त ताणा आणि खांद्याजवळ जिथे तो जवळजवळ सरळ खाली उतरतो तिथे कमी, कारण लांबी कमी लागते ती वळणावर, सरळ भागात रेषा आणि कड सारख्याच लांबीच्या असतात. खोल यू गळा असेल तर हे अजूनच जाणवतं, तिथे मी चार भागांऐवजी वळणाच्या सुरुवातीला आणि शेवटी वेगळ्या खुणा करते.

शिलाई सगळीकडे १ सेंटिमीटरच हवी, जिथे ७ मिलिमीटर होईल तिथे पट्टी बारीक दिसणार, कारण पट्टीच्या पोटात ती शिलाईची कडच भरलेली असते. म्हणूनच ती कड छाटायची नाही आणि तिला काप द्यायचे नाहीत. सुरुवातीला मशीन कापड गिळत असेल तर दोन्ही दोरे मागे धरून ठेवा आणि खाली पातळ कागदाचा तुकडा घाला, नंतर फाडून काढता येतो. कापड दाबून धरणाऱ्या मशीनच्या पायाचा दाब कमी करता येत असेल तर करा, कापडाला लाटा पडणं तिथेच थांबतं.

मग पट्टी वर उलटून, कडेवरून आत घेऊन, सुलट बाजूने पट्टी आणि टीशर्टच्या मधल्या खाचेत टीप मारायची. आतली कड त्या टीपेत सगळीकडे सापडतेय ना ते बोटाने चाचपत पुढे जा, टाचण्यांपेक्षा कच्चा धावदोरा घातलेला बरा. जोडसुई (एकाच दांड्याला दोन सुया) असेल तर ती वापरून पट्टीच्या खालच्या बाजूला टीशर्टवर दुहेरी टीपही छान दिसते, तेव्हा मात्र आतली कड अर्ध्याऐवजी एक सेंटिमीटर जास्तीची ठेवा, आणि दोन टीपांच्या मध्ये कापड फुगत असेल तर बॉबिनचा ताण जरा सैल करा.

शेवटी दुसरा खांदा बंद करून पट्टीच्या टोकावर मागच्या बाजूला वळवून घट्ट टाके, बनियनवर बघितलेत तसेच. आणि वाफेची इस्त्री, पण घासायची नाही, ठेवायची आणि उचलायची. वाफ दिल्यावर लगेच हात लावू नका, पूर्ण गार होईपर्यंत तिथेच राहू द्या, ताणलेली पट्टी त्या वेळातच आवळून बसते. वाफेच्या आधी गळा जरासा चुणीदार दिसला तर घाबरायचं नाही, गार झाल्यावर बघा. तरीही उभाच राहत असेल तर पट्टी लांब आहे, उसवा, दीड-दोन सेंटिमीटर कमी करा आणि परत लावा, अर्ध्या तासाचं काम आहे.