तुम्ही विचारलेत म्हणून: रोमनांनी काढलेला रोमन साम्राज्याचा नकाशा

प्राचीन रोमच्या नकाशांविषयी मी कुठेही बोलले की शेवटी एक प्रश्न हमखास येतो. शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात भूमध्य समुद्राभोवती एकाच रंगाने भरलेला जो प्रदेश आपण सर्वांनी पाहिलेला असतो, ब्रिटनपासून इराकपर्यंत पसरलेला आणि ठळक रेषेने बंद केलेला, तसा नकाशा खुद्द रोमन लोकांकडे होता का? मी सांगते की तसा रोमन नकाशा आपल्या हाती आलेला नाही, आणि मला वाटते की त्यांना त्याची फारशी गरजही भासली नसावी. एवढे ऐकून विचारणाऱ्याची निराशा होते आणि मला हळहळ वाटते, कारण रोमनांनी जे मोजले, कोरले आणि रेखाटले ते त्या रंगवलेल्या नकाशापेक्षा कितीतरी अधिक बोलके आहे. म्हणून हे उत्तर एकदा सविस्तर लिहून काढत आहे.

रोममध्ये कोलोसियमकडून पियात्झा व्हेनेझियाकडे जाणारा रुंद, सरळ रस्ता मुसोलिनीच्या राजवटीत, 1932 मध्ये, खुला झाला. त्याच्या डाव्या हाताला मॅक्सेंटियसच्या बॅसिलिकेची, म्हणजे प्राचीन रोमन सभागृहाची, जी भिंत लागते तिच्यावर 1934 मध्ये चार मोठे संगमरवरी नकाशे बसवण्यात आले आणि ते आजही तेथेच आहेत. पहिल्या नकाशात सगळा प्रदेश काळसर असून रोम हा एक पांढरा ठिपका आहे, दुसऱ्यात इ.स.पू. 146, तिसऱ्यात पहिला सम्राट ऑगस्टस याच्या मृत्यूचे वर्ष म्हणजे इ.स. 14, आणि चौथ्यात सम्राट ट्रेजनचा काळ दाखवला असून प्रत्येक नकाशागणिक पांढरा भाग वाढत जातो. 1936 मध्ये येथे पाचवा नकाशाही लागला होता. त्यात इथिओपियासह मुसोलिनीचे नवे साम्राज्य दाखवले होते, आणि युद्ध संपल्यावर तो उतरवण्यात आला. शेजारच्या चार नकाशांचा हेतू या पाचव्यामुळे उघड होतो. साम्राज्य म्हणजे पसरत जाणारा रंग, ही कल्पना ज्यांना हवी होती त्यांनी ती प्राचीन रोमच्या नावावर भिंतीवर चढवली.

चौथ्या नकाशाविषयी आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण आपल्या पुस्तकांतला नकाशाही बहुधा त्याच क्षणाचा असतो. ट्रेजनने आर्मेनिया आणि मेसोपोटेमिया जिंकले ते त्याच्या अखेरच्या तीन-चार वर्षांत. इ.स. 117 मध्ये तो वारला आणि त्याच्या मागून आलेल्या हेड्रियनने त्याच वर्षी पूर्वेकडचे हे नवे प्रांत सोडून दिले. म्हणजे शतकानुशतके टिकलेल्या राज्याचे चित्र म्हणून आपण जे मनात धरून बसतो, ते फार तर काही महिन्यांचे चित्र आहे.

त्याच रस्त्याने थोडे पुढे गेले की सांती कोस्मा ए दामियानो हे चर्च लागते. पहिल्या खेपेस मी ते चार नकाशे डोळे भरून पाहिले आणि या चर्चच्या विटांच्या भिंतीकडे ढुंकूनही न पाहता पुढे गेले, याचे मला आजही वाईट वाटते. या भिंतीत ओळीने भोके आहेत. एके काळी ती शांतिदेवतेच्या मंदिराच्या आवारातील एका दालनाची भिंत होती, आणि त्या भोकांमध्ये लोखंडी आकड्यांनी संगमरवराच्या 150 फरशा बसवलेल्या होत्या. सम्राट सेप्टिमियस सेव्हेरस याच्या कारकिर्दीत, इ.स. 203 ते 211 च्या दरम्यान, या फरशांवर संपूर्ण रोम शहराचा आराखडा कोरण्यात आला. सुमारे 18 मीटर रुंद आणि 13 मीटर उंच असलेला हा नकाशा आज 'फोर्मा उर्बिस रोमे' या नावाने ओळखला जातो.

त्याचे प्रमाण साधारण 1:240 आहे. प्रत्यक्षात चार मीटर रुंद असलेली खोली या प्रमाणात दोन सेंटिमीटरपेक्षाही लहान होते, आणि तरीही ती खोली नकाशावर आहे. आग्नेय दिशा वर धरून काढलेल्या या आराखड्यात देवळे, नाट्यगृहे, स्नानगृहे तर आहेतच, पण रस्त्याकडे तोंड करून ओळीने असलेली दुकाने, त्यांच्या मागची घरे, अंगणाभोवतीचे खांब, वरच्या मजल्यांकडे जाणारे जिने हेही कोरलेले आहे. खांबासाठी ठिपका, जिन्यासाठी निमुळता त्रिकोण, अशा साध्या खुणा आहेत. नावे मात्र मुख्यत्वे सार्वजनिक वास्तूंनाच दिलेली आहेत. दुकानदाराचे किंवा घरमालकाचे नाव कुठे नाही. इतक्या उंच भिंतीवरच्या वरच्या फरशा खालून वाचता येणे शक्यच नव्हते. त्यामुळे कर किंवा मालमत्ता यांच्या रोजच्या कामासाठी तो वापरला जात असेल असे मला वाटत नाही. राजधानीचे वैभव एका नजरेत दिसावे, हाच त्यामागचा हेतू असावा. तरीही ज्या मोजणीदारांनी गल्लीबोळांतून फिरून प्रत्येक भिंतीचे माप घेतले असेल, त्यांच्या कामाचे मोल सम्राटाच्या हौसेमुळे तिळभरही कमी होत नाही.

पुढच्या शतकांत फरशा निखळल्या, पडल्या, कित्येक भट्टीत जाऊन त्यांचा चुना झाला. 1562 मध्ये त्या भिंतीच्या पायथ्याशी तुकडे सापडले आणि ते फार्नेसे घराण्याच्या वाड्यात गेले. काहींची रेखाचित्रे तेव्हाच काढली गेली ही मोठी भाग्याची गोष्ट, कारण पुढे याच तुकड्यांपैकी अनेक तुकडे फार्नेसेंच्या बागेच्या बांधकामात चक्क दगड म्हणून वापरले गेले. आज सुमारे 1,200 तुकडे हाती आहेत आणि ते सगळे मिळून मूळ नकाशाचा जेमतेम दहावा हिस्सा भरतात. कोणता तुकडा कुठला हे ठरवण्यासाठी अभ्यासक केवळ कोरलेल्या रेषा पाहत नाहीत. फरशीची जाडी, संगमरवरातील शिरांची दिशा, मागची बाजू गुळगुळीत आहे की खडबडीत, आणि आकड्याच्या खाचा भिंतीतल्या भोकांशी जुळतात का, हेही पाहावे लागते. 1999 मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या चमूने तुकड्यांची लेसरच्या साह्याने त्रिमितीय मोजणी केली, ती याच जुळणीसाठी.

या तुकड्यांनी काय दिले याचे एकच उदाहरण देते. कोलोसियमच्या शेजारी ग्लॅडिएटरांच्या तालमीची जी मोठी वास्तू होती, लुदुस माग्नुस, तिचा अर्धा भाग आज उत्खननात उघडा दिसतो आणि उरलेला अर्धा रस्त्याखाली व इमारतींखाली गाडलेला आहे. त्या आखाड्याची पूर्ण रचना आपल्याला माहीत आहे, कारण ती संगमरवरावर कोरलेली सापडली. हे मूळ तुकडे पाहण्याची सोय फार वर्षे नव्हती. जानेवारी 2024 मध्ये चेलिओ टेकडीवर त्यांच्यासाठी स्वतंत्र संग्रहालय उघडले. तेथे तुकडे जमिनीवर काचेखाली मांडलेले असून त्यांच्याखाली जाम्बात्तिस्ता नोली याने 1748 मध्ये बारा ताम्रपटांवरून छापलेला रोमचा नकाशा पसरलेला आहे. ही निवड मला अतिशय योग्य वाटते. नोलीने इमारती गडद रंगवल्या, पण चर्चचे गाभारे, चौक, आवारे असा लोकांना पाय ठेवता येण्याजोगा भाग रस्त्यासारखाच पांढरा सोडला. शहर म्हणजे माणूस कुठून कुठे चालत जाऊ शकतो, हे पाहण्याची नजर दोन्ही नकाशांत आहे.

आता साम्राज्याकडे वळते. ऑगस्टसचा सेनापती अग्रिप्पा याने जगाचा नकाशा सिद्ध करण्याचे काम हाती घेतले होते आणि इ.स.पू. 12 मध्ये त्याच्या मृत्यूनंतर तो रोममधील एका ओवरीत लोकांसमोर मांडला गेला. तो नष्ट झाला आहे. प्लिनी या रोमन लेखकाने त्याचा आधार घेतला तो प्रामुख्याने लांबी, रुंदी आणि अंतरे यांच्यासाठी. स्वतः ऑगस्टसने इ.स.पू. 20 मध्ये रोमच्या फोरममध्ये, म्हणजे मुख्य चौकात, सोनेरी मैलस्तंभ उभारला होता. साम्राज्य डोळ्यांसमोर आणण्याची रोमनांची खरी रीत या स्तंभात दिसते: येथून अमुक शहर किती मैल, वाटेत मुक्काम कोणते.

याच रीतीचा सर्वांत भव्य पुरावा म्हणजे पॉइटिंगरचा नकाशा. सुमारे 34 सेंटिमीटर उंच आणि पावणेसात मीटर लांब असा हा चर्मपत्राचा पट्टा आहे. मूळ नकाशा रोमन काळाच्या उत्तरार्धातला. आपल्याकडे आहे ती इ.स. 1200 च्या सुमारास केलेली नक्कल. कोनराड सेल्टिस या विद्वानाने ती मिळवली आणि 1508 मध्ये ऑग्सबर्गच्या कोनराड पॉइटिंगर याच्या हवाली केली, म्हणून तिला त्याचे नाव पडले. आता ती व्हिएन्नाच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे.

माझ्या घराच्या बोळात या नकाशाची पूर्ण लांबीची प्रत लावलेली आहे आणि येणारा प्रत्येक जण आधी गोंधळतो, कारण ओळखीचा एकही आकार दिसत नाही. भूमध्य समुद्र अरुंद कालव्यासारखा झाला आहे, इटली आडवी ताणली गेली आहे, उत्तर-दक्षिण अंतर जवळजवळ नाहीसे झाले आहे. पण लाल रेषांवर बोट ठेवून चालू लागले की सगळे उलगडते. रेषेला जेथे लहानसा बाक पडतो तेथे मुक्काम. दोन मुक्कामांच्या मधला आकडा म्हणजे अंतर. अंतर रोमन मैलांत दिलेले असते, पण गॉलमध्ये, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या परिसरात, स्थानिक लीग हे माप वापरले आहे, आणि हा बदल कोठून होतो ते लियोंजवळ लिहून ठेवले आहे. मधोमध सिंहासनावर बसलेली रोमची मूर्ती असून तिच्याभोवतीच्या वर्तुळातून बारा रस्ते फुटतात. साम्राज्य कोठे संपते याची रेषा मात्र शोधूनही सापडत नाही. रस्ते सरळ पुढे जातात, इराण ओलांडतात आणि भारतात येतात.

उजव्या टोकाला, आजच्या केरळच्या किनाऱ्यावर, मुझिरिस हे बंदर आहे आणि त्याच्याशेजारी ऑगस्टसचे मंदिर दाखवले आहे. योगायोग असा की मुझिरिसच्या व्यापाराचा दुसऱ्या शतकातील एक पपायरसही व्हिएन्नाच्या त्याच ग्रंथालयात आहे. 'हर्मापोलोन' नावाच्या जहाजावरून आलेल्या मालाचा हिशेब त्यात असून त्या मालाची किंमत सुमारे 70 लाख सेस्टर्स (रोमन नाणी) भरते. महाराष्ट्राचा मार्ग सापडतो तो नकाशात नव्हे, तर पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक व्यापारी माहितीपुस्तिकेत. भरूचहून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि पैठणहून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे आपले तेर. पैठणहून गोमेदासारखे दगड आणि तेरहून कापड गाड्यांमधून भरूचला येते, असे ती सांगते. आपल्याकडे जुनी माणसे गावाचे अंतर कोसांत किंवा मुक्कामांत सांगत, त्यांना ही भाषा मुळीच परकी वाटली नसती.

यावर कोणी म्हणेल की हेड्रियनने ब्रिटनमध्ये 80 रोमन मैल लांबीची भिंत बांधली, मग सीमेची कल्पना नव्हती असे कसे म्हणायचे? आक्षेप रास्त आहे. सीमा होत्या, त्यांवर सैन्य होते, जकात होती. परंतु त्या भिंतीचे वर्णन रोमनांनी कसे जपले ते पाहा. इंग्लंडमध्ये विल्टशर परगण्यात 1725 मध्ये काशाचा एक लहान पेला सापडला, ज्याच्या काठावर भिंतीच्या पश्चिम भागातील पाच ठाण्यांची नावे क्रमाने लिहिलेली आहेत. भिंतीसारखी भिंतसुद्धा त्यांनी एकामागून एक येणाऱ्या ठाण्यांची माळ म्हणूनच लक्षात ठेवली.

असेच, पण फार मोठे काम चार चांदीच्या पेल्यांवर आहे. रोमच्या उत्तरेला, ब्राच्चानो सरोवराकाठच्या विकारेल्लो या गावातील उष्ण झऱ्यांत 1852 मध्ये ते सापडले. त्यांचा आकार मैलस्तंभासारखा असून त्यांवर स्पेनमधील गादेस, म्हणजे आजचे काडिझ, येथून रोमपर्यंतच्या वाटेवरील शंभराहून अधिक मुक्काम अंतरांसह कोरलेले आहेत. एवढी वाट तुडवून आलेल्या कोणी ते झऱ्याच्या देवतेला वाहिले असावेत.

पॉइटिंगरच्या नकाशाचा अगदी डावीकडचा भाग हरवलेला आहे. त्यात स्पेन आणि बहुतेक ब्रिटन होते. विद्वानांनी त्या भागाची कल्पनेने पुनर्रचना केली आहे, पण ती मी बोळात लावली नाही. ती जागा भिंतीवर रिकामी ठेवून तेथे मी त्या पेल्यांवरची यादी देवनागरीत लिहून चिकटवली आहे: गादेसहून बंदर 24 मैल, तेथून हास्ता 16 मैल, आणि असेच पुढे, स्पेन संपून नकाशातली पहिली लाल रेषा सुरू होईपर्यंत.