दुसरा सिलिंडर

मंगळवार, ११ नोव्हेंबर २०२५

पावागडाहून बडोद्याला परत आलो. दर्शन निवांत झालं, दिवाळीची गर्दी ओसरली होती. तरी डोक्यात मात्र गाडीच आहे.

हालोलपर्यंत काही म्हणजे काही नव्हतं. चांपानेरचा तट मागे टाकून माचीच्या चढाला लागलो. गाडीत पाच माणसं, एसी चालू, इंजिन चांगलं तापलेलं. एका वळणानंतर यांनी एक्सिलरेटर दाबला आणि गाडी पुढे जायच्याऐवजी आतून हिसके द्यायला लागली. एक हिसका, मग जरा ठीक, मग पुन्हा दोन. पाय काढला की बंद. पुढ्यात दिवा एकही लागला नाही. यांनी एसी बंद केला आणि पहिल्या गिअरवर सांभाळून माचीपर्यंत नेली. उतरताना पुन्हा काही नाही, कारण उतारावर इंजिनाला जोर लावावाच लागत नाही.

आई मागून एवढंच म्हणाल्या, "नवीन आहे ना रे ही?" मला ते फार लागलं. किती वर्षं या गाडीसाठी बाजूला टाकत होतो. २२ सप्टेंबरला छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला तेव्हा ठरवलं, आता दसऱ्याला घ्यायचीच. आईंनी स्वतः बॉनेटवर स्वस्तिक काढलं होतं.

झोपायच्या आधी सगळं लिहून ठेवते: इंजिन गरम, दुसरा गिअर, चढ, पूर्ण भार, एसी चालू, टाकी अर्ध्याच्या वर, दिवा नाही. उद्या हे असंच्या असं आठवेल याची मला खात्री नाही, आणि वर्कशॉपमध्ये तर नक्कीच कोणी ना कोणी खोदून विचारेल.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

कोणी काहीच विचारलं नाही.

सर्विस अ‍ॅडव्हायजर तरुण मुलगा, बोलायला गोड. स्कॅनर लावला, बिघाडाचा कोड नाही. "बेन, नवी गाडी छे, थोडी चालशे एटले सेट थई जशे." वर, तीन सिलिंडरची गाडी थोडी थरथरतेच. हे खरं आहे, मलाही ठाऊक आहे. सिग्नलला उभी असताना ही गाडी हलकीशी थरथरते आणि त्या थरथरण्याला एक लय आहे. चढावर जे झालं त्याला लय नव्हती. रोज गाडी चालवणाऱ्याला हा फरक कानानेच काय, बसल्या जागी पाठीला कळतो.

मेकॅनिकने टेस्ट ड्राइव्ह घेतली ती एकट्याने, सपाट रस्त्यावर, एसी बंद. अर्थात काही झालं नाही. जॉब कार्डावर बघते तर लिहिलेलं: "जनरल चेकअप". मी म्हटलं, माझी तक्रार माझ्या शब्दांत लिहा. तो जरा घुटमळला. मग लिहिलं: चढावर, भार असताना, इंजिन गरम झाल्यावर हिसके. त्याची प्रत घेतल्याशिवाय मी काउंटर सोडला नाही. सॉफ्टवेअर अपडेट करून गाडी परत मिळाली. आज पदरात पडली ती ती एक ओळ, आणि मला ती लाखमोलाची वाटते.

रविवार, २३ नोव्हेंबर

काल संध्याकाळी लालबाग ब्रिजवर चढताना तेच. नणंदेची मंडळी सोबत होती, गाडी भरलेली. या वेळी चेक इंजिनचा पिवळा दिवा नुसता लागला नाही, उघडझाप करायला लागला. ब्रिज उतरून लगेच बाजूला घेतली, लेकीने मोबाइलवर व्हिडिओ केला, इंजिन बंद केलं. हा दिवा स्थिर असेल तर गाडी सवडीने दाखवली तरी चालते. उघडझाप मात्र थांबायला सांगते, कारण एखाद्या सिलिंडरात पेट्रोल न जळताच बाहेर पडत असतं. ते सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं. त्या कन्व्हर्टरच्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम अशा धातूंचा मुलामा असतो. अति तापला की जाळी वितळते, आणि तो भाग स्वस्त नाही. रोडसाइडवाल्यांना बोलावलं, गाडी टो करून सरळ वर्कशॉपला पाठवली. आज कोड मिळाला आहे: पी०३०२. म्हणजे दुसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर. आपल्याकडचे मेकॅनिक म्हणतात, गाडी मिसिंग करते.

आज दिवसभर घरी येणाऱ्या प्रत्येकाने कारण सांगितलं. पहिलं सगळ्यांचं एकच: "पुरातली गाडी तर नाही ना?" बडोद्यात हा प्रश्न आता कुठल्याही गाडीबद्दल आधी येतो. ऑगस्ट २०२४ च्या अखेरीला विश्वामित्री २६ फुटांची धोक्याची पातळी कितीतरी ओलांडून शहरात शिरली, तेव्हा पार्किंगमध्ये छपरापर्यंत बुडालेल्या गाड्या आम्ही सगळ्यांनी पाहिल्या आहेत. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे सिलिंडरात पाणी असताना कोणी स्टार्टर मारला की कनेक्टिंग रॉड वाकतो. ज्यांनी पाणी ओसरताच चावी फिरवली त्यांची इंजिनं अशी गेली. म्हणून ही शंका मी हसण्यावारी नेली नाही. ती मलाही कालच आली होती, टो करायच्या आधीच टॉर्च घेऊन डिकीचा गालिचा उचलला, स्टेपनीखालचा खळगा पाहिला, सीटच्या रुळांवर गंज शोधला, सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून त्यावर पाण्याची रेघ आहे का ते पाहिलं. सगळं कोरं. आरसीवर उत्पादनाचा महिनाही याच वर्षातला. ती काळजी मिटली.

दुसरं कारण पेट्रोल. वीस टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलवर यंदा सगळीकडे वाद आहे, आणि अ‍ॅव्हरेज कमी होतो या तक्रारीत तथ्यही आहे, कारण लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एकतृतीयांश ऊर्जा कमी असते. आमची गाडी त्या पेट्रोलसाठीच बनलेली आहे, झाकणावर तसं लिहिलंय. पण हे उत्तर मला आधीपासूनच पटत नव्हतं. शेजारच्या नानांनी ते एका वाक्यात निकालात काढलं: "अगं, पेट्रोल वाईट असतं तर तिन्ही सिलिंडरांनी तक्रार केली असती. एकट्या दुसऱ्यानेच का?"

नाना कलाभवनच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाले. सयाजीरावांनी १८९० मध्ये काढलेलं कलाभवन आज युनिव्हर्सिटीची इंजिनिअरिंगची फॅकल्टी आहे, पण आमच्याकडे कोणी तिला फॅकल्टी म्हणत नाही. नानांनी चहा गार होऊ दिला आणि मला समजावत बसले. इंजिन तीन हजार आरपीएमवर फिरतं तेव्हा प्रत्येक सिलिंडरात सेकंदाला पंचवीस वेळा ठिणगी पडते. त्यातली एखादी चुकली की क्रँकशाफ्ट तेवढ्यापुरता मंदावतो. क्रँकपाशी बसवलेला सेन्सर ते मोजतो, आणि कोणाची पाळी होती त्यावरून कॉम्प्युटर सिलिंडरचा नंबर सांगतो. म्हणजे कोड आपल्याला जागा सांगतो, कारण सांगत नाही. सिलिंडरला हवा दाबली जायला हवी, पेट्रोल वेळेवर यायला हवं आणि ठिणगी पडायला हवी. या तिन्हींपैकी काय चुकतंय ते माणसाने शोधायचं. सोपी रीत म्हणजे अदलाबदल. दुसऱ्याची कॉइल, म्हणजे ठिणगीसाठी वीज देणारा भाग, तिसऱ्याला लाव, तिसऱ्याची दुसऱ्याला. कोड पी०३०३ झाला तर कॉइल दोषी. दुसऱ्यावरच राहिला तर कॉइल निर्दोष, पुढे चला.

मला हे फार आवडलं. मी बँकेत आहे, ताळा जमत नाही तेव्हा आम्हीही एकेक नोंद बाजूला काढून बघतो.

सोमवार, १ डिसेंबर

वर्कशॉपने अदलाबदल वगैरे केली नाही. दुसऱ्या सिलिंडरची कॉइल आणि प्लग सरळ नवीन घातले, कोड पुसला, गाडी दिली. शनिवारी मी मुद्दाम घरच्या सगळ्यांना बसवून ब्रिजवर नेली. हिसके, दिवा, पुन्हा पी०३०२.

आज म्हणाले, इंजिन खोलावं लागेल. हेड, म्हणजे सिलिंडरांवरचा भाग, उतरवून व्हॉल्व्ह बघायचे. वॉरंटीत आहे, तुमचा एक रुपया जाणार नाही.

मी नाही म्हटलं. इंजिन फॅक्टरीत ज्या स्वच्छतेत आणि ज्या मापाने बांधलं जातं ते वर्कशॉपच्या टेबलावर पुन्हा तसंच होईल असं मी धरून चालणार नाही, निदान बाकी सगळं तपासल्याशिवाय तरी नाही. यांना वाटत होतं, त्यांचं काम त्यांना करू द्यावं, उगीच वितुष्ट नको. आमची यावर रात्री बरीच बोलाचाली झाली. मला वितुष्ट नकोच आहे. पण एकदा हेड उघडलं की मूळ दोष काय होता हे कोणालाच कळणार नाही, आणि पुढची प्रत्येक कुरकुर त्या उघडलेल्या इंजिनाच्या नावावर जाईल.

पुण्याला मामेबहीण वकील आहे, तिला फोन केला. तिने धीर दिला. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगातच तक्रार करता येते. कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. पाच ते दहा लाखांच्या वस्तूला फी २०० रुपये. वस्तूतला दोष नुसता बघून ठरत नसेल तर कलम ३८ खाली आयोग ती तपासणीला पाठवू शकतो. "पण कागद लागतील," ती म्हणाली. "प्रत्येक जॉब कार्ड, त्यावर तुझी तक्रार तुझ्या शब्दांत." ते माझ्याकडे आहेत. त्याआधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवता येईल, तेही तिने सांगितलं.

मग नानांना शेजारी बसवून वर्कशॉपला आणि कंपनीच्या ग्राहक विभागाला मेल लिहिला. भांडणाचा एक शब्द नाही. फक्त प्रश्न: तिन्ही सिलिंडरांचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतल्या हवेचा दाब, मोजलं का, आकडे द्या. पेट्रोल फवारणारे इंजेक्टर एकमेकांच्या जागी लावून पाहिले का? दिवा लागला त्या क्षणाची कॉम्प्युटरने साठवलेली नोंद, म्हणजे आरपीएम, भार, तापमान, ती आम्हाला द्या. वायरिंग पाहिलं का? हे सगळं होईपर्यंत हेड उतरवायला आमची संमती नाही.

शनिवार, ६ डिसेंबर

सापडलं!

मेलनंतर कंपनीचा एरियाचा टेक्निकल माणूस आला होता. तिन्ही कॉम्प्रेशन जवळजवळ सारखी, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टन ठीक. इंजेक्टर आपसात बदलून पाहिले, कोड दुसऱ्यावरच. कॉइल आणि प्लग नवेच. मग राहिलं काय? कॉइलला ज्या तारेतून हुकूम येतो ती तार. त्याने इंजिन चालू ठेवून हार्नेस, म्हणजे तारांचा जुडगा, हाताने हलवायला सुरुवात केली आणि दुसऱ्या कॉइलच्या कनेक्टरपाशी येताच इंजिन अडखळलं. आम्ही तिथेच उभे होतो, मला स्पष्ट ऐकू आलं.

कनेक्टरच्या आतली एक पिन सैल झाली होती, नीट पकडत नव्हती. आणि तिथून वीतभर अंतरावर हार्नेस धरून ठेवणारी क्लिप तिच्या भोकात बसवलेलीच नव्हती, नुसती लोंबत होती. इंजिन रबरी माउंटिंगवर असतं. चढावर जोर लागला की ते एका अंगाला कलतं. कललं की मोकळा हार्नेस ताणला जायचा आणि ती सैल पिन क्षणभर सुटायची. सपाट रस्त्यावर एकट्या मेकॅनिकला काही का जाणवलं नाही, पाच माणसं बसवली की का जाणवायचं, सगळ्याचा उलगडा झाला. त्या टेक्निकल माणसाने अ‍ॅडव्हायजरला जवळ बोलावून ती पिन दाखवली, आणि तो मुलगाही मन लावून बघत होता. मला वाटतं, त्याला खरोखर कोणी शिकवलं नव्हतं. कोड आला की पार्ट बदला, एवढंच त्याच्या हाती दिलेलं आहे. या सगळ्यात मला सर्वांत जास्त राग कशाचा आला असेल तर याचा. एवढ्याशा पिनेसाठी ते नवंकोरं इंजिन खोलणार होते.

टर्मिनल बदललं, क्लिप बसवली, पाच माणसं बसवून गोल्डन चोकडीच्या फ्लायओव्हरवर सगळ्यांदेखत चढवली. एकही हिसका नाही. आईंना फोन करून सांगितलं तर त्या आधी रडल्या आणि मग म्हणाल्या, नानांना जेवायला बोलाव.

जॉब कार्डावर दोष आणि दुरुस्ती दोन्ही नीट लिहून घेतले आहेत. एक गोष्ट राहिली. एवढे दिवस न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये गेलं, त्याला काही झालं का? सेन्सरचे आकडे आज ठीक दिसतात असं तो म्हणाला, पण मला ते तोंडी नको. कन्व्हर्टर तपासला, त्यात पुढे दोष निघाला तर तो या मिसफायरशी जोडून वॉरंटीत धरला जाईल, असं लेखी मागितलं आहे. सोमवारी मेल येईल म्हणाले. दुपारपर्यंत आला नाही तर मी बँकेतून फोन करणार आहे.